केप हेनलोपनहून बंड्याला

प्रिय बंड्या,

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला, एकदा गाडीत आणि एकदा रात्री सगळे झोपल्यावर. पुळणीचा विषय निघाला की तुझा आवाज कसा चढतो ते इतक्या लांबूनही कळतं. तू विचारलंस की तिकडे किनाऱ्याचं काय करतात, कोणाच्या मालकीचा असतो, गावाला त्यातून काही मिळतं का, आणि पुळणीलगतची जमीन मागणाऱ्या त्या रिसॉर्टवाल्याला काय सांगायचं. फोनवर हे सांगून संपायचं नाही म्हणून लिहायला बसलोय, निवांत वाच, दुपारी जेवून झोपाळ्यावर बसून वाच.

मी तुला सगळ्या अमेरिकेचं सांगत नाही, मला सगळी माहीतही नाही. मला एकच किनारा नीट माहितीये, तो म्हणजे केप हेनलोपन स्टेट पार्क, राज्य सरकारने राखलेलं उद्यान. आम्ही विल्मिंग्टनला राहतो, तिथून गाडीने दोनेक तास दक्षिणेला. डेलावेअर हे एवढंसं राज्य, त्याच्या एका टोकाला डेलावेअरची खाडी अटलांटिकला मिळते आणि त्या कोपऱ्यावर वाळूची एक जीभ पाण्यात गेलीये, तेच हे केप. एका बाजूला खाडीचं शांत पाणी, दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र. आपल्या बाणकोटच्या खाडीच्या मुखाशी उभं राहिलं की जसं दोन्हीकडचं पाणी वेगवेगळं दिसतं ना, तसंच. मला तर पहिल्यांदा बघितलं तेव्हा घरीच आल्यासारखं वाटलं.

पहिल्यांदा गेलो तो जुलैमधला रविवार होता आणि आम्ही अकराला पोचलो. गेटवर गाड्यांची रांग आणि आत जागाच नाही, पार्किंग भरलं की आत सोडतच नाहीत. तसेच परत फिरलो, पोरं रडकुंडीला आली. आता आम्ही सकाळी आठच्या आत पोचतो. गेटवर गाडीमागे पैसे घेतात, डेलावेअरची नंबरप्लेट असली तर कमी, बाहेरची असली तर जास्त. तू म्हणशील समुद्र बघायला पैसे कसले, मलाही तसंच वाटलं होतं. पण इथल्या स्टेट पार्कांचा साधारण ६५ टक्के खर्च ही गेटची फी, कॅम्पिंगचं भाडं, मासेमारीचे परवाने अशातूनच निघतो, सरकारी तिजोरीतून उरलेला तेवढा. म्हणजे तिथला लाइफगार्ड, तिथलं स्वच्छ संडास-बाथरूम, तिथला कचरा उचलणारा माणूस, ह्याचा मोठा हिस्सा आमच्यासारखे लोकच गेटवर भरतात. आपल्याकडे पुळणीवर पर्यटक येतात, खाऊन पिऊन पिशव्या टाकून जातात आणि सकाळी तू आणि शाळेतली पोरं ते उचलता, हे डोक्यात ठेवून मी हे लिहितोय.

गेल्या वर्षी मेमधे आई आली होती. तिच्या गुडघ्यांचं तुला माहितीये, वाळूत चार पावलं टाकणं म्हणजे शिक्षा. मी तिला म्हटलं तू बाकावर बस, लांबून बघ. तर ऑफिसमधल्या एका मुलीने विचारलं, बीच व्हीलचेअर देऊ का? फुग्यासारखी जाडजूड पिवळी चाकं असलेली खुर्ची, वाळूत रुततच नाही. पैसे नाहीत, काही नाही, एका कागदावर नाव लिहून घेतलं बस. मी आईला ढकलत ढकलत ओल्या वाळूपर्यंत नेलं, एक लाट आली आणि तिच्या पावलांवरून गेली. पाणी म्हणजे बर्फ, मेमधे अटलांटिक असाच असतो. आई दचकली, मग खाली वाकून ओंजळभर पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं आणि म्हणाली, "खारटपणा तोच रे." मग बराच वेळ काही बोलली नाही. बाबा गेल्यापासून ती समुद्रावर गेलीच नव्हती, आपल्या घरापासून पुळण एवढी जवळ असून.

त्याच दिवशी पौर्णिमा होती आणि मी मुद्दाम तोच दिवस धरला होता. मे-जूनच्या पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती आली की खाडीच्या बाजूला हॉर्सशू क्रॅब अंडी घालायला वर येतात. नाव क्रॅब असलं तरी तो खेकडा नाही, विंचू-कोळ्यांच्या जवळचा आहे, आणि डायनासोरच्या कितीतरी आधीपासून, चाळीसेक कोटी वर्षं, जवळजवळ ह्याच रूपात आहे. जगात सगळ्यात जास्त संख्येने तो ह्या डेलावेअरच्या खाडीतच येतो. अंधार पडल्यावर आम्ही गेलो. आधी नुसता आवाज आला, एकावर एक वाट्या घासल्यासारखा, खडखड खडखड. मग नजर सरावली आणि दिसलं की पाण्याची कड आहे ती कडच हलतेय. मोठ्या माद्या वाळूत अर्ध्या पुरलेल्या, त्यांच्या पाठीला धरून लहान नर, लाटेने काही उलटे पडलेले आणि पाय हवेत मारतायत. उलटा पडलेला तसाच राहिला तर सकाळी उन्हाने मरतो किंवा समुद्रपक्षी फोडतात. त्याची ती लांब शेपटी बघून भीती वाटते पण ती नांगी नाही, तो तिचा उपयोग स्वतःला सुलटं करायलाच करतो. शेपटीला धरून उचलायचं नाही, कवचाच्या कडेखाली हात घालून अलगद उलटायचं. माझ्या मुलीने पहिला उलटला तेव्हा किंचाळली, पंधरा मिनिटांनी ती मोजत होती, तेहतीस झाले बाबा, चौतीस.

ह्यांची अंडी खायला रेड नॉट नावाचे पक्षी येतात, दक्षिण अमेरिकेच्या पार खालच्या टोकापासून निघतात आणि कॅनडाच्या वर आर्क्टिकला जातात. मधे ह्या खाडीत उतरतात तेव्हा हाडं दिसत असतात, दोनेक आठवड्यात अंडी खाऊन वजन जवळजवळ दुप्पट करतात आणि पुढे उडतात. अंडी कमी पडली तर पिल्लं घालायच्या जागी पोचायची ताकदच राहत नाही.

आणि आता ऐक, एकेकाळी हेच क्रॅब इथे गाड्या भरभरून नेऊन, वाळवून, दळून शेतात खत म्हणून टाकायचे. एकेका वर्षात दहा लाखांच्या वर. किनाऱ्यावर त्यांच्या कवचांच्या भिंतीच्या भिंती रचलेले जुने फोटो आहेत, बघून पोटात कालवतं. नंतर कळलं की त्याच्या निळ्या रक्तापासून इंजेक्शनं, लसी, सलाइन ह्यात जंतूंचं विष आहे का ते तपासता येतं. तू आणि मी लहानपणापासून टोचून घेतलेल्या कितीतरी सुया ह्या प्राण्याच्या रक्तावर तपासल्या गेल्या असतील. म्हणजे ज्याला खत समजत होते त्याची किंमत किती होती हे नंतर समजलं. मला वाटतं किनाऱ्याचंही असंच होतं, कशाची किंमत काय हे विकताना कळत नाही.

हे पटायला शेजारच्या लुईस गावाचं उदाहरण घे. पार्कच्या गेटपासून अगदी जवळ, छोटं टुमदार गाव. १६३१ मधे डच लोक व्हेल मारायला इथे येऊन राहिले, डेलावेअरमधली युरोपियनांची पहिली वस्ती ती, पण स्थानिक लोकांशी भांडण झालं आणि वर्षभरात सगळे मारले गेले. १८१३ ला ब्रिटिश जहाजांनी ह्या गावावर तोफा डागल्या, एका घराच्या पायात अडकलेला गोळा अजून दाखवतात. गावाचं पोट मात्र माशांवर होतं. मेनहेडन म्हणून तारलीच्या जातीतला मासा, खायला नाही, तेल आणि खत आणि जनावरांचं खाद्य करायला. १९५० च्या दशकात लुईस हे अमेरिकेतल्या सगळ्यात जास्त मासळी उतरवणाऱ्या बंदरांमधलं एक होतं, एवढंसं गाव! गावभर वास, पण त्या वासावर घरं चालत होती. मग मासा इतका ओढला की संपला, आणि साठच्या दशकात कारखाने बंद पडले. तुला आपल्याकडची गोष्ट वाटतेय ना? पर्ससीनची मोठी जाळी, मासे ओढायला एलईडी लाइट आणि किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणवाले रिकाम्या हाताने परत, तू मागच्या पत्रात लिहिलं होतंस तेच.

पण त्याच सुमाराला दोन गोष्टी झाल्या. १९६४ ला लष्कराने केपवरची ५४३ एकर जमीन राज्याला परत दिली आणि तिचं स्टेट पार्क झालं, आणि त्याच वर्षी समोरच्या न्यू जर्सीतल्या केप मेला जाणारी गाड्यांची फेरी सुरू झाली. आपल्या वेसवी-बागमांडल्याच्या फेरीसारखीच पण अंतर १७ मैल, दीड तासाला थोडं कमी लागतं. मासे गेले आणि माणसं यायला लागली. आज पार्क वाढून पाच हजार एकरांच्या वर गेलंय आणि गावातली खानावळ, सायकलचं दुकान, गळ-दोरा-आमिष विकणारा, घर भाड्याने देणारे, आइस्क्रीमवाला, सगळ्यांचा सीझन ह्या पार्कवर उभा आहे. पार्कमधे हॉटेल नाहीये हे लक्षात घे. रात्री राहायचं तर तंबू किंवा साध्या केबिन, बाकी लोक गावात राहतात, गावात जेवतात. पैसा गेटच्या आत अडकून पडत नाही, बाहेर वाहतो. त्याचा त्रासही आहेच, घरांच्या किमती एवढ्या चढल्यात की हॉटेलात काम करणाऱ्या पोरांना गावात राहणं परवडत नाही, लांबून येतात, आणि उन्हाळ्यात शनिवारी रूट वन वर ट्रॅफिक म्हणजे विचारू नको. हे मी लपवणार नाही तुझ्यापासून.

लष्कराची जमीन कशी काय, असं तुझ्या मनात आलं असेल. पार्कमधे फिरताना मधेच पाइनच्या बनातून काँक्रीटचे उंच गोल मनोरे दिसतात, वर नुसती एक आडवी फट, मी पहिल्यांदा पाण्याची टाकी समजलो. दुसऱ्या महायुद्धात इथे फोर्ट माइल्स होता, १९४१ ला बांधायला घेतला. खाडीतून वर गेलं की फिलाडेल्फिया, तेल शुद्धीकरणाचे कारखाने, जहाज बांधायचे यार्ड, ते सगळं वाचवायला खाडीच्या तोंडावर तोफा आणि पाण्यात सुरुंग. मनोऱ्यांचं काम काय, तर दोन वेगवेगळ्या मनोऱ्यांतून एकाच जहाजाचा कोन मोजायचा, तो फोनवर खाली बंकरमधे कळवायचा आणि तिथे नकाशावर दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतील तिथे जहाज. शाळेतली भूमिती रे, सरांनी आपल्याला फळ्यावर शिकवलेली. एका मनोऱ्यावर चढता येतं, गोल जिन्याने, आणि वर गेलं की समुद्र, खाडी, ढग, सगळं एका नजरेत. तोफांनी शत्रूच्या जहाजावर एकदाही मारा केला नाही. पण धोका खोटा नव्हता, फेब्रुवारी १९४२ ला जर्मन पाणबुडीने जेकब जोन्स नावाची अमेरिकन युद्धनौका इथून जवळच बुडवली, त्यातली फक्त ११ माणसं वाचली. आणि जर्मनी हरल्यावर १४ मे १९४५ ला यू-८५८ ही पाणबुडी ह्याच फोर्टसमोर शरण आली.

वाळूत गाडलेल्या एका बंकरमधे आता म्युझियम आहे, चालवतात ते बहुतेक स्वयंसेवक, पांढऱ्या केसांचे आजोबा, आणि काय जीव लावून सांगतात. बाहेर मिसूरी युद्धनौकेच्या तोफेची नळी ठेवलीये, जिच्या डेकवर जपानने शरणागतीवर सही केली ती मिसूरी. ती नळी भंगारात जाणार होती, ह्या लोकांनी वर्गण्या काढून २०१२ ला इथे आणली. माझा मुलगा तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलं मोजत गेला. मला बाणकोटचा हिंमतगड आठवला, त्याच्या बुरुजावर आपण पावसाळ्यात शेवाळावरून घसरायचो. तिथे खाडीकडे तोंड करून नुसतं उभं राहिलं तरी समजतं गड इथेच का, पण सांगणारा एक माणूस नाही आणि बसायला एक बाक नाही.

आता वाळूचं सांगतो. पार्कमधे ग्रेट ड्यून नावाची वाळूची टेकडी आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ८० फूट. केळशीची आपली वाळूची टेकडी आठव, तशीच. पूर्वी ही टेकडी चालायची, म्हणजे खरंच जागा बदलायची. एकोणिसाव्या शतकात इथे जहाजांना आसरा म्हणून समुद्रात दगडी बांध घातला, त्या कामाला इथलं जंगल तोडलं, मग वाळू धरायला मुळंच राहिली नाहीत आणि वाऱ्याने ती आत आत सरकत गेली, पाइनची झाडं गिळत. अजून काही ठिकाणी वाळूतून नुसते वाळलेले शेंडे वर आलेले दिसतात. इथे एक दगडी दीपगृह होतं, १७६० च्या दशकातलं, टेकडीवर दिमाखात उभं. समुद्र पूर्वेकडून वाळू खात आला, लोक दर वर्षी बघत होते, काही करता आलं नाही आणि १३ एप्रिल १९२६ ला ते कोसळलं. आणि गंमत बघ, इथे खाल्लेली वाळू समुद्र नेऊन केपच्या टोकाला टाकतो, त्यामुळे टोक वर्षावर्षाला उत्तरेला वाढतंय.

म्हणून आता इथे वाळूच्या उंचवट्यांवर कोणी पाय ठेवत नाही. दोरी लावलेली, ठरलेल्या लाकडी वाटेनेच समुद्रावर जायचं. दर मार्चमधे शेकडो लोक येऊन डेलावेअरच्या किनाऱ्यांवर गवताची रोपं लावतात, हाताने, ओळीने. आपल्याकडे ते काम मर्यादवेल फुकटात करते रे, जांभळ्या फुलांची, आणि आपण पार्किंगसाठी पहिली तीच उपटतो. तिचं नाव कोणी ठेवलं असेल त्याला समुद्र कळत होता.

टोकाचा भाग तर १ मार्चपासून सगळा उन्हाळा बंद असतो, पायपिंग प्लोव्हर ह्या मुठीएवढ्या पक्ष्यासाठी, तो उघड्या वाळूतच अंडी घालतो आणि अंडं आणि वाळू ह्यात फरक दिसत नाही. ऐन सीझनमधे सगळ्यात सुंदर तुकडा बंद! वेळासला कासवांच्या घरट्यांना जाळी लावतात तसंच. वेळासवरून आठवलं, तिथे २००२ ला सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेच्या लोकांनी अंडी राखायला सुरुवात केली तेव्हा कोणाला वाटलं होतं की एक दिवस पुण्या-मुंबईची माणसं पिल्लं समुद्रात जाताना बघायला येतील आणि गावातल्या बायका घरोघरी त्यांना जेवायला वाढतील.

आता तुझ्या मुख्य प्रश्नाकडे येतो. तू म्हणालास की तो रिसॉर्टवाला म्हणतो पुळणीलगतची जमीन द्या, रिसॉर्ट करतो, पोरांना नोकऱ्या देतो. इथेही असंच झालं, फार जुनी गोष्ट नाही, २०२२ ची. पार्कच्या आत समुद्राला लागून एक मोठं रेस्टॉरंट करायचा प्रस्ताव आला, खाजगी कंपनी, पार्कला भाडं मिळणार, लोकांना सोय होणार, सगळं गोड गोड. पण लोकांनी १६८२ सालचं बाड काढलं. विल्यम पेन ह्या इंग्रजाकडे ही वसाहत होती त्या काळात केपची जमीन लुईस गावच्या आणि ससेक्स काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, लोकांच्या वापरासाठी म्हणून राखलेली होती, अमेरिकेतल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक जमिनींपैकी एक. मीटिंगला लोक मावेनात, ईमेल, सह्या, बोर्ड, आणि पुढे कंपनीने प्रस्ताव मागे घेतला. विरोध करणाऱ्यांत आजूबाजूचे सुखवस्तू रिटायर्ड लोक खूप होते हे खरंय, पण कित्येक वर्षं गाडी वाळूवर नेऊन गळ टाकणारे, साध्या नोकरीतले लोकही होते.

मला त्यातनं एक गोष्ट घेण्यासारखी वाटली. त्यांच्याकडे कागद होता. आपल्याकडे गावाचा कागद काय आहे? गावठाणाची हद्द, गायरान, सुरूच्या बनाचा सातबारा कोणाच्या नावावर, सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या नियमांच्या, नकाशात भरतीची रेषा कुठे दाखवलीये, होड्या ओढायची आणि जाळी सुकवायची जागा नकाशावर आहे का, हे तू आधी काढ. तलाठ्याकडून उतारे घे, जुन्या माणसांना विचार, तुझ्या आजोबांच्या पेटीत काही असेल. ग्रामसभेत नुसतं "आमची पुळण" म्हणून चालणार नाही. आणि नोकऱ्यांचं विचारलंस तर माझं मत सरळ आहे, रिसॉर्टमधे तुझ्या पोराला गेटवर उभं करतील, पण पुळण मोकळी राहिली तर तुझ्या वहिनीच्या हातचं सांदण आणि तिसऱ्यांची एकशिपी खायला माणसं तुझ्या ओटीवर येतील. मला चुकत असेल तर खडसाव, पण रागावून गप्प बसू नको.

आम्ही फेब्रुवारीअखेर येतोय, तिकिटं काढली. दोन्ही पोरांना वेळासला कासवांची पिल्लं दाखवायचीयेत, पहाटेचं उठवायची जबाबदारी माझी. आईची एक मागणी आहे, तिच्यासाठी पुळणीवर न्यायला काहीतरी कर. मी जाड चाकांची माहिती आणि फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतो, आपल्या नाक्यावरच्या वेल्डिंगवाल्याला दाखव, जुन्या स्कूटरच्या ट्यूबवर जमेल का विचार. जमलं तर आईचं फिरणं झालं की ती खुर्ची देवळात ठेवून दे, गावात गुडघे दुखणाऱ्या काय कमी आहेत.

वहिनीला, काकांना नमस्कार. उतारे मिळाले की फोटो काढून लगेच पाठव.

तुझा,
पक्या